बोका, शिलाई मशीन आणि पंधराशे रुपये

प्रश्न : काका, सा. न. गोव्यात म्हार्दोळला आम्ही दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात राहतो. मी घरी ब्लाउज शिवते, यजमान कुंडईला कारखान्यात शिफ्टला असतात. घरात सासूबाई आणि आमचा गुंडू. गुंडू म्हणजे दीड वर्षाचा बोका. एवढासा होता तेव्हा देवळापाशी फुलांच्या पाटीखाली सापडला. वागायला गुणी, पण गेले चार महिने घरात उभ्या उभ्या लघवीचे फवारे मारतोय. आधी दाराच्या चौकटीवर, मग मशीनच्या कव्हरवर, मग देव्हाऱ्याच्या पडद्यावर, आणि आता गिऱ्हाइकांच्या पिशव्यांवर. मागच्या आठवड्यात एका बाईंचा रेशमी ब्लाउजपीस गेला, तो मी पदरमोड करून भरून दिला. घरमालकीण म्हणते वास जिन्यापर्यंत येतो. एका खाजगी डॉक्टरांनी त्याला खच्ची करायच्या ऑपरेशनचे साडेतीन हजार सांगितले. माझ्याकडे सध्या पंधराशे आहेत. शेजारीण म्हणते डांबरगोळ्या ठेव, फिनेल ओत. मोबाइलवर एक स्प्रे सहाशेला दिसतो, तो घेऊ का? सासूबाई म्हणतात, पोत्यात घालून फोंड्याच्या मासळी बाजारात सोडून ये, पोट तरी भरेल. मला ते करवत नाही. घरगुती उपाय सांगा.
(एक वाचक, म्हार्दोळ)

उत्तर : ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ‘गिऱ्हाइकांच्या पिशव्या’ इथे थांबलो. तुमचं अर्धं उत्तर त्या पिशव्यांत आहे, त्यावर येतोच. पण तुम्ही विचारलंय पैशांचं, म्हणून आधी ते.

सहाशेचा स्प्रे घेऊ नका. तो वाईट असतो म्हणून नव्हे. पंधराशेतले सहाशे गेले की नऊशे उरतात, आणि नऊशेवरून ऑपरेशनपर्यंत पोचायला आणखी दोन महिने लागतात. तोवर स्प्रे संपतो, बोका मात्र भरलेलाच, म्हणजे ऑपरेशन न झालेलाच, असतो. हातात पैसे थोडे असले की कशावर खर्च करायचा याच्यापेक्षा आधी कशावर करायचा हे बघावं लागतं. आधी ऑपरेशन. बाकी सगळं घरात जे आहे त्यावर भागवू.

मी डॉक्टर नव्हे, हे नवीन वाचकांसाठी पुन्हा सांगतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात एकतीस वर्षं कंपाउंडर होतो. डॉक्टर कापायचे, मी धरायचो. गायी-म्हशींनी लाथा दिल्या त्या विसरलो, पण मनगटांवर जे पांढरे ओरखडे आहेत ते सगळे बोक्यांचे. तरीही स्वतःच्या घरी मी तुमच्या शेजारणीसारखाच वागलो. निवृत्तीच्या वर्षी आमच्या बाबल्याने माझ्या पेन्शनच्या फायलीवर फवारा मारला. मी फिनेलने कपाट पुसलं. दुसऱ्या दिवशी त्याने त्याच जागी परत मारला. मी आणखी फिनेल. त्याने आणखी. चार दिवसांनी बायको म्हणाली, “आतां तूं आनी तुजो बोको, दोगूय भायर न्हिदात.” पडवीत झोपलेल्या माणसाला विचार करायला वेळ मिळतो. एकतीस वर्षं लोकांना जे सांगत आलो ते मीच केलं नव्हतं. त्याच आठवड्यात बाबल्या टेबलावर गेला, आणि त्याला धरायला मीच होतो.

आता गुंडू नक्की काय करतो ते बघा. तो भिंतीकडे पाठ करून उभा राहतो, शेपूट ताठ वर, शेपटीचं टोक थरथरतं, मागचे पाय जागच्या जागी नाचवल्यासारखे करतो आणि थोडंसं मारतो. डाग जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर पडतो आणि तिथून खाली ओघळतो. असं असेल तर ती लघवी लागलेली नसते, ती पाटी लावलेली असते : हे घर माझं. बसून, सपाट जागेवर, गादीवर किंवा पायपुसण्यावर भरपूर केली असेल तर प्रकरण वेगळं. तिथे रेतीचं घमेलं घाण असतं किंवा बोका आजारी असतो. तुम्ही ‘उभ्या उभ्या’ असा शब्द लिहिलात, म्हणून पहिलं धरून चालतो. तरी एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघून खात्री करा.

वास एवढा उग्र का, तर भरलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन नावाचं एक गंधकयुक्त द्रव्य असतं. ते फुटून जो वास सुटतो तोच जिन्यापर्यंत जातो. हे द्रव्य किती बनायचं ते नराच्या हार्मोनवर ठरतं. म्हणून ऑपरेशननंतर दोन गोष्टी होतात. फवारणं कमी होतं, आणि जे काही उरतं त्याचा वासही सौम्य होतो. घरमालकिणीच्या दृष्टीने ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी.

गुण किती येतो? मोठ्या वयात ऑपरेशन केलेल्या दहा बोक्यांतल्या जवळपास नऊ जणांचं फवारणं थांबतं किंवा अगदी नावापुरतं राहतं. १९७३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासापासून हा हिशेब पुस्तकांत आहे आणि आमच्या टेबलावरचा अनुभवही त्याच्याशी जुळायचा. त्यातल्या बहुतेकांचं लवकर थांबतं, काहींचं हळूहळू. रक्तातला हार्मोन उतरायला काही आठवडे जातात, सवय जायला त्याहून थोडे जास्त. म्हणून ऑपरेशन करून आणल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने पुन्हा मारलं तर डॉक्टरांना शिव्या घालू नका. पाच-सहा महिन्यांचा असताना केलं असतं तर बहुधा सवय लागलीच नसती, पण दीड वर्ष म्हणजेही उशीर नव्हे. आम्ही सहा-सात वर्षांचे गावगुंड सरळ झालेले बघितलेत.

साडेतीन हजार हा एका दवाखान्याचा आकडा झाला. तो शेवटचा समजू नका. आधी फोंड्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात स्वतः जाऊन विचारा. फोनवर विचारलं तर अर्धं उत्तर मिळतं. बोक्याचं ऑपरेशन करता का, कोणत्या वारी करता, सामान बाहेरून काय काय आणावं लागेल, असे तीन सरळ प्रश्न विचारा. भूल देणारे डॉक्टर आणि मोकळं टेबल एकाच दिवशी मिळावं लागतं, त्यामुळे ‘पुढच्या आठवड्यात या’ म्हणाले तर ते टाळणं नसतं. तिथे नाही जमलं तर प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्था आहेत. बार्देशात आसगावला इंटरनॅशनल अ‍ॅनिमल रेस्क्यू आहे, कुडचड्याकडे काकोड्याला गोवा अ‍ॅनिमल वेल्फेअर ट्रस्ट आहे. तुम्हाला दोन्ही लांब, पण विचारायला पैसे पडत नाहीत, आणि अशा लोकांना तुमच्या जवळचं कोण स्वस्तात करतं ते माहीत असतं. हेही नाही जमलं तर त्याच खाजगी डॉक्टरांना स्पष्ट सांगा, ‘पंधराशे आज देते, बाकीचे दोन महिन्यांत.’ गोव्यात अजून शब्दावर चालणारे डॉक्टर आहेत. शिवणकाम करणाऱ्या बाईला उधारी नवीन नाही, तुमच्याही वहीत चार नावं असतीलच.

न्यायचं कसं, हा पुढचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण बसस्टॉपवर उभ्या राहिलात की पडेल. पिंजरा विकत घेऊ नका. भाजीच्या दोन सारख्या प्लास्टिकच्या जाळीदार टोपल्या एकमेकींवर उलट्या ठेवा आणि सुतळीने चारी बाजूंनी बांधा. त्यातली खालची टोपली आठवडाभर आधी घरात ठेवा, आत गुंडूचं नेहमीचं फडकं. तो आपणहून त्यात झोपायला लागला की निम्मी लढाई संपली. पोत्यात घालून आणलेला बोका टेबलावर सोडला की तो बोका राहत नाही, वीज होतो. आदल्या रात्रीपासून खाणं बंद, पाणी कधीपर्यंत द्यायचं ते डॉक्टर सांगतील. सासूबाईंना बजावून ठेवा. ‘बिचारा उपाशी’ म्हणून पहाटे बांगड्याचं डोकं घातलेले बोके आम्ही कित्येकदा परत पाठवलेत, कारण भुलीत उलटी होऊन ती श्वासनळीत गेली तर जीव जातो.

बोक्याचं ऑपरेशन मांजरीच्या मानाने छोटं असतं. पोट उघडावं लागत नाही. जखमही लहान, बहुतेक वेळा टाकेही नसतात. घरी आणल्यावर चार-पाच दिवस घमेल्यात रेती किंवा भुसा नको, फाडलेले वर्तमानपत्राचे तुकडे घाला, म्हणजे जखमेला काही चिकटणार नाही. तो चाटत राहिला, सूज वाढली किंवा जागा ओली दिसली तर दाखवून या. त्याला लगेच बाहेर सोडू नका. ऑपरेशन झालेला बोकाही काही आठवडे पिल्लं होण्याइतका ‘शिल्लक’ असतो. आणि पुढे त्याचं खाणं थोडं आवरा. भटकणं कमी होतं, भूक वाढते, आणि सहा महिन्यांत उशी होते. आमच्या बाबल्याची झाली.

आता पिशव्या. मांजराच्या घरात जी वस्तू बाहेरचा वास घेऊन येते, तिच्यावर पाटी लावावीशी वाटणं हा त्याचा स्वभाव आहे. पाहुण्यांच्या चपला, बाजाराची पिशवी, नवीन पायपुसणं. तुमच्या घरी तर रोज पाच-सहा घरांचे वास येतात. कोणाच्या पिशवीवर त्यांचा कुत्रा झोपलेला असतो, कोणाच्या ब्लाउजपीसवर त्यांच्या मांजरीने अंग घासलेलं असतं. गुंडूच्या दृष्टीने तुम्ही रोज परके बोके हाताने घरात आणता आणि मशीनपाशी ठेवता. तो आपला प्रत्येकाला उत्तर देतो. म्हणून फवारा दारापासून मशीनकडे आणि मशीनपासून पिशव्यांकडे सरकत गेला.

उपाय फुकट आहे. पिशवी दारातच घ्यायची आणि तडक झाकणाच्या पत्र्याच्या ट्रंकेत किंवा डब्यात टाकायची. ट्रंक नसेल तर भिंतीला उंच खुंटी ठोका, तुमच्या खांद्याच्या उंचीवर पिशव्या टांगा. तो तिथवर उडी मारू शकतो, पण फवारा मारायला त्याला चार पायांवर उभं राहायला जागा लागते. मापं घेताना गिऱ्हाइकांच्या चपला जिन्यातच. मशीनचं काम संपलं की कव्हर वर गुंडाळून ठेवा, खाली लोंबणारं कापड म्हणजे त्याला फळाच मिळतो लिहायला. देव्हाऱ्याचा पडदाही तसाच वर खोचा.

फवारलेल्या जागेचं पुढे काय करायचं त्याची एक जुनी युक्ती आहे. मांजर जिथे जेवतं, झोपतं, तिथे शक्यतो फवारत नाही. म्हणून धुतलेल्या जागी त्याची ताटली ठेवा. दाराच्या चौकटीपाशी हे जमेल. देव्हाऱ्याखाली माशांची ताटली सासूबाई ठेवू देणार नाहीत, आणि मी त्यांच्या बाजूचा आहे. तिथे त्याचं झोपायचं फडकं ठेवा. आणखी एक : स्वच्छ सुती फडकं घेऊन त्याचे गाल हळुवार पुसा, मिशांच्या मागचा भाग, आणि तेच फडकं धुतलेल्या जागी तो उभा राहतो त्या उंचीवर घासा. मांजर गाल घासतं तेव्हा ‘इथे सगळं ठीक आहे’ असा वास मागे ठेवतं. बाजारातली हजारोंची उपकरणं याच वासाची नक्कल भिंतीच्या प्लगला लावून करतात. तुमच्याकडे मूळ कारखाना घरातच आहे.

धुण्याबद्दल जरा नीट ऐका, कारण इथेच सगळे चुकतात. फिनेल नको. मांजराचं यकृत फिनेलसारखी द्रव्यं पचवू शकत नाही. ते जमिनीवर चालतं, पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. जखमा धुवायच्या काही जंतुनाशकांचंही तेच. डांबरगोळ्या मांजराला विषारी, आणि कापूरही, म्हणून आरती झाली की कापराची डबी बंद. अमोनियाचा वास येणारी क्लीनर वापरली तर त्याला वाटतं इथे कोणीतरी आधीच मारून गेलंय. ब्लीचिंग पावडर तर लघवीच्या जागी कधीच नको. दोन्हींचा संयोग होऊन जो वायू सुटतो तो घशाला आणि छातीला लागतो, आणि तुमच्या खोल्या लहान. फिनेलने माझं काय झालं ते वर सांगितलंच. उग्र वासावर बोका आणखी उग्र वास चढवतो.

कपडे धुवायची अशी पावडर आणा जिच्या पाकिटावर एन्झाइम असं छापलेलं आहे. छोटं पाकीट पुरेल. एक वाटी पावडरीला नऊ वाट्या पाणी, कोमट, कढत नको. गरम पाण्याने डाग पक्का बसतो. फडक्याने जागा भिजवा, दहा-पंधरा मिनिटं राहू द्या, साध्या पाण्याने दोनदा पुसा, वाळू द्या. मग फार्मसीत मिळणारं सर्जिकल स्पिरिट फडक्यावर घेऊन पुसा. हे करताना समई विझलेली हवी आणि शेगडी बंद हवी, स्पिरिट क्षणात पेट घेतं. पॉलिश केलेल्या लाकडावर आधी कोपऱ्यात लावून बघा, पॉलिश जाऊ शकतं. पाणी ओतून धुऊ नका, नाहीतर भिंतीवरचा डाग जमिनीत उतरतो.

डाग कुठे कुठे आहेत हे नाकाने कळत नाही, घरात राहून नाक मरतं. नोटा तपासायचा जांभळ्या उजेडाचा टॉर्च एखाद्या दुकानदाराकडून रात्रीपुरता मागून आणा. खोलीत अंधार करून भिंतीच्या खालच्या भागावर फिरवा. जुने डाग पिवळट-हिरवे चमकतात. आमच्याकडे पेन्शनच्या कपाटाबरोबर शिवाजी महाराजांच्या तसबिरीखालची भिंत, चपलांचं खोकं आणि बायकोच्या माहेरची ट्रंकही चमकली होती. ट्रंकेचं मी तिला अजून सांगितलेलं नाही.

रेशमाबद्दल मुद्दाम लिहितो, कारण तुमचा धंदा आहे. एन्झाइमची पावडर रेशमाला आणि लोकरीला लावू नका. ही एन्झाइम प्रथिनं खातात, आणि रेशीम म्हणजे प्रथिनच. डाग जाईल आणि कापडही विरेल. रेशमावर पडलं तर ताबडतोब थंड पाण्यातून काढा, मग पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर घालून त्यात बुडवा आणि पुन्हा साध्या पाण्यातून काढून सावलीत वाळवा. रंग जातो का ते आधी काठाच्या आत बघा. सुती कापडाला, कुणबी साडीच्या जाड सुतालाही, पावडर बिनधास्त चालते. व्हिनेगरवरून एक : घरात माडाचं विनागर असलं तरी ते या कामाला नको. रंग धरतं, आणि तुम्हाला उरलेलं आयुष्य विनागरातलं सोरपोतेल खाताना गुंडू आठवेल.

सासूबाईंचा बाजाराचा सल्ला. त्यांचं मन वाईट नाही, त्यांना वाटतं तिथे मासे आहेत. पण तिथे आधीच आठ-दहा भरलेले बोके असतात आणि प्रत्येकाची हद्द ठरलेली. घरात वाढलेला बोका तिथे पहिल्या आठवड्यात चावे खातो, चाव्यात पू होतो, आणि चाव्यातूनच मांजरांचा तो प्रतिकारशक्ती मारणारा विषाणू पसरतो. वरून जून-जुलैत मासेमारी बंद, तेव्हा कसला बाजार? पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा जागी सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. सासूबाईंना कायदा सांगू नका, जून-जुलैचं सांगा.

त्याला मारू नका, नाक डागावर घासू नका. फवारा हा मुळात घाबरलेल्या किंवा अस्वस्थ बोक्याचा असतो. मार खाऊन तो अधिक अस्वस्थ होतो, आणि अस्वस्थ झाला की काय करतो ते तुम्हाला माहीत आहे. माणसाच्या झोपेच्या, तापाच्या गोळ्या कुठल्याही कारणाने देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळी मांजराला मारायला पुरते. ‘हार्मोनचं इंजेक्शन देऊन थांबवतो’ असं कोणी म्हणालं तर नको म्हणा, त्यातून मधुमेहासारखी दुखणी मागे लागतात आणि पैसे पुन्हा पुन्हा जातात.

तर तुमचे पंधराशे असे : दीड-दोनशे पावडर आणि स्पिरिट, टोपल्या घरच्या किंवा भाजीवाल्याकडून मागून, बाकीचे हात न लावता ऑपरेशनला. ट्रंक आजच मोकळी करा. त्या बाईंच्या ब्लाउजपीसचे पैसे तुम्ही पदरचे भरलेत, तसे आणखी दोन भरले असतेत तर ऑपरेशनची निम्मी फी झाली असती. घरमालकिणीला तारीख सांगून टाका. भाडेकरूने तारीख सांगितली की मालक जरा गप्प बसतो.

•

प्रश्न : आमचा बोका पाच वर्षांचा, ऑपरेशन झालेलं आहे. कालपासून सारखा घमेल्यात जाऊन बसतो, दोन थेंब पडतात, मग न्हाणीघरात बसतो, तिथेही थेंब. मध्येच ओरडतो. खात नाही. हाही फवारण्याचाच प्रकार का? घरगुती औषध सांगावे.
(एक वाचक, साखळी)

उत्तर : हे पत्र टपालाने चार दिवसांनी माझ्या हातात आलं. पत्रावर नंबर होता म्हणून तिथल्या तिथे फोन केला. सुदैवाने यांच्या मुलीने माझी वाट न बघता दुसऱ्याच दिवशी बोक्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. नळी घालून लघवी मोकळी केली, बोका वाचला.

बाकीच्यांसाठी : बोका पुन्हा पुन्हा बसतो, कुंथतो, थेंब-थेंब येतं किंवा काहीच येत नाही, मागचा भाग चाटत राहतो, पोटाला हात लावला की ओरडतो, तर तो फवारत नाही, त्याची लघवी अडकली आहे. बोक्याचा मूत्रमार्ग सुईसारखा बारीक, त्यात खडे किंवा चिकट बुच्चा अडकतो. लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय थांबतं. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत बोका जाऊ शकतो. ऑपरेशन झालेल्यालाही होतं. बार्लीचं पाणी पाजत बसू नका, पोट दाबू नका, मला पत्र लिहू नका. रात्र असली तरी डॉक्टर शोधा. पैशांची जुळवाजुळव करायची वेळ आयुष्यात कधी आली तर ती इथे करा.

•

प्रश्न : आमच्या बोक्याचं दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन केलं. फवारणं बंद झालं होतं. या पावसाळ्यात पुन्हा सुरू झालं, पण फक्त हॉलच्या खिडकीखाली. ऑपरेशन फेल गेलं का?
(एक वाचक, पेडणे)

उत्तर : ऑपरेशन ठीक आहे. दहातला एखादा ऑपरेशननंतरही फवारतो, पण दोन वर्षं गप्प राहून एकाच खिडकीखाली सुरू झाला, तर खिडकीबाहेर बघा. पावसाने दुसरा बोका तुमच्या कट्ट्यावर आसऱ्याला आला असणार. तो बाहेरून बघतो, तुमचा आतून उत्तर देतो. शक्यता दुसरीही आहे. पावसाळ्याच्या दमटपणात भिंतीत मुरलेले दोन वर्षांपूर्वीचे डाग पुन्हा वास सोडतात, चिऱ्याच्या जुन्या भिंतीत तर हमखास, आणि त्या वासावर तो ताजी भर घालतो. म्हणून आधी भिंत वर सांगितल्याप्रमाणे धुवा. रंग किंवा चुना लावायचा असेल तर धुऊन, पूर्ण वाळल्यावर, म्हणजे आता दिवाळीलाच.

तोवर खिडकीच्या खालच्या दीड फूट काचेला आतून कागद लावा. जुन्या कॅलेंडरची पानं चालतात, कोरी बाजू आत. मासळी कापल्यावरची घाण त्या कट्ट्याजवळ टाकत असाल तर ती बंद करा, तुम्हीच पाहुणा पोसताय. आणि तो पाहुणा कोणाचाच नसेल, तर चार शेजाऱ्यांनी वर्गणी काढून त्याचंही ऑपरेशन करून घ्या. पकडायला टोपलीचा उपयोग नाही, रानटी बोक्याला सापळा लागतो. संस्थेला किंवा दवाखान्याला विचारा, सापळा कधी कधी उसना मिळतो. हाताने धरायला जाऊ नका, चावला तर जखम साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुऊन त्याच दिवशी रेबीजची लस घ्यायला जा. सापळ्यात बांगडा नको, तारला ठेवा. तारल्याचा वास लांब जातो.